मॅमिलेरिया फुलत का नाही, आणि त्याची पिल्लं का सडतात?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात तिसऱ्या मजल्यावर दक्षिणेकडची गॅलरी आहे. दोन वर्षांपूर्वी नर्सरीतून पांढऱ्या केसांचा, वाकड्या काट्यांचा छोटा निवडुंग आणला. आणला तेव्हा फुललेला होता, नंतर एकही फूल नाही. आता त्याला आठ-दहा पिल्लं (अंगाला फुटलेले छोटे निवडुंग) आहेत. गेल्या जुलैत तीन काढून लावली, तिन्ही सडली. फुलं कशी आणायची, पिल्लं कशी लावायची, आणि बियांपासून रोपं होतात का?

वर्णनावरून हा मॅमिलेरिया बोकासाना वाटतो. खात्री करायची तर काट्यांच्या झुपक्यातला मधला तांबूस काटा बघा. त्याचं टोक मासे धरायच्या गळासारखं वळलेलं असतं आणि ओढणी किंवा स्वेटर घासला की त्यात अडकतं. भोवती रेशमासारखे पांढरे केस असतात. हा मूळचा मेक्सिकोतल्या सान लुइस पोतोसी राज्यातला. तुमच्याकडे निघाला दुसराच कुठला मॅमिलेरिया, तरी फारसं बिघडत नाही. एलोंगाटा, प्रोलिफेरा, ग्रासिलिस, हानियाना या बाजारात मिळणाऱ्या जातींनाही खालचं बहुतेक सगळं लागू पडतं. जिथे फरक आहे तिथे सांगतो.

आधी एक शंका फेडून घ्या. आणलं तेव्हाचं फूल खरं होतं का? काही विक्रेते कागदासारख्या कडक पाकळ्यांची वाळवलेली फुलं गरम गोंदाने निवडुंगाच्या डोक्यावर चिकटवतात. बोकासानाचं खरं फूल जेमतेम दीड सेंटिमीटरचं, मळकट पांढरं किंवा फिकट गुलाबी असतं. ते डोक्याच्या बरोबर मध्यावर कधीच येत नाही. मध्यापासून थोडं खाली, गोल कड्यात येतं. डोक्यात मधोमध खोचलेलं लालभडक किंवा पिवळं मोठं फूल महिनाभर न कोमेजता टिकलं असेल, तर तुमचं झाड तुमच्याकडे येण्याआधीही फुललेलं नव्हतं.

फुलं कड्यात का येतात, यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. मॅमिलेरियाच्या अंगावर उभ्या धारा (कंगोरे) नसतात, छोटी छोटी बोंडं असतात. त्याचं नावही लॅटिनमधल्या त्याच अर्थाच्या शब्दावरून पडलंय. काटे बोंडाच्या टोकाला येतात, फूल मात्र दोन बोंडांमधल्या खाचेतून निघतं. नवी बोंडं डोक्याच्या मध्यातून जन्मतात आणि जुनी बाहेर, खाली सरकत जातात. कळ्या धरतात त्या बहुतकरून मागच्या हंगामात तयार झालेल्या बोंडांच्या खाचांत. म्हणजे येत्या फेब्रुवारीत कडं भरगच्च येणार की रिकामं राहणार, हे आदल्या पावसाळ्यात आणि ऑक्टोबरात झाडाने किती धडधाकट नवी बोंडं केली यावर ठरतं. जानेवारीत फुलांचं टॉनिक फवारून त्यात काही बदल होत नाही. तेव्हा खाच असते तरी, नाहीतर नसते. आज सुधारणा केलीत तर फूल पुढच्या हंगामात दिसेल, हे धरूनच सुरुवात करा.

ऊन: दक्षिणेच्या गॅलरीची अडचण

दक्षिणेची गॅलरी म्हणजे भरपूर ऊन, असं सगळे सांगतात. हिवाळ्यापुरतं ते खरं आहे. पुण्यात १३ मेच्या सुमारास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथपासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. वर स्लॅब असलेल्या दक्षिणेच्या गॅलरीत या अडीच महिन्यांत थेट ऊन जवळपास येतच नाही. त्यात जूनपासून ढग. आणि मॅमिलेरियाच्या वाढीचे दिवस नेमके हेच. ऊब आहे, ओल आहे, पण ऊन नाही, अशा वेळी झाड उंच ताणतं. डोकं निमुळतं होतं, बोंडांमधलं अंतर वाढतं, केस विरळ होतात, आतली हिरवी कातडी दिसायला लागते. अशा ताणलेल्या भागावर कळ्या फारशा धरत नाहीत, आणि तो भाग नंतर कधी आटोपशीरही होत नाही.

तुमच्या झाडाला फुलं नाहीत आणि पिल्लं मात्र आठ-दहा, हे त्यामुळेच पटण्यासारखं आहे. ऊन कमी, पाणी आणि नत्र पुरेसं, अशा झाडाचा कल पिल्लांकडे जातो.

उपाय असा: एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत कुंडी पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये हलवा. रोज चार-पाच तास थेट ऊन लागलं पाहिजे. एवढ्या काळात उत्तरेची खिडकीसुद्धा दक्षिणेपेक्षा बरी. गच्ची वापरता येत असेल तर वर पारदर्शक पत्रा आणि त्याखाली ५० टक्क्यांची शेडनेट, याला तोड नाही. शेडनेट एप्रिल-मेपुरतीच ठेवा, जूनमध्ये काढा. यातलं काहीच शक्य नसेल तर २० ते २५ वॉटचा पांढरा एलईडी बल्ब झाडाच्या डोक्यापासून वीतभर वर टांगून रोज १२ तास लावा. ऑगस्टच्या उत्तरार्धात झाड परत दक्षिणेला आणा, आता तिथे ऊन आत शिरायला लागतं.

जागा बदलताना घाई नको. सावलीतलं झाड एका दिवसात उन्हात ठेवलं तर सूर्याकडच्या बाजूला पांढुरका आणि मग तपकिरी चट्टा पडतो. तो भाजल्याचा डाग असतो, भरून येत नाही. पहिला आठवडा सकाळचं तासभर ऊन, दुसऱ्या आठवड्यात दोन-अडीच तास, तिसऱ्यात पूर्ण.

पाणी आणि हिवाळ्याची विश्रांती

मेक्सिकोच्या पठाराचं ऋतुमान आपल्या देशावरच्या ऋतुमानाशी बरंच जुळतं: पाऊस उन्हाळ्याच्या मध्यापासून पुढे, हिवाळा कोरडा. युरोपातल्या काचघरांसाठी लिहिलेली वेळापत्रकं म्हणूनच इथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. फरक आहे तो पावसाच्या तऱ्हेत. तिथे सर येऊन जाते आणि पुन्हा ऊन पडतं, खडकाळ जमीन दोन दिवसांत वाळते. इथे जुलैत सलग आठ-आठ दिवस ऊन नाही. झाडाला पाणी मारत नाही, पाण्यानंतर न येणारं ऊन मारतं.

एका पाण्याचा अर्थ असा धरा: कुंडीच्या तळातून पाणी वाहेपर्यंत सगळी माती भिजवायची आणि नंतर आतपर्यंत कोरडी होईस्तोवर थेंबही नाही. रोज चमचाभर पाणी ही सगळ्यांत वाईट सवय. त्याने वरचा थर सदा ओला राहतो आणि खालची मुळं वाळून मरतात. कोरडेपणा बोटाने कळत नाही, वजनाने कळतो. भिजवल्यावर कुंडी उचलून बघा, चार-पाच दिवसांनी पुन्हा उचला, हाताला आपोआप सवय होते. किंवा आइस्क्रीमची लाकडी काडी तळापर्यंत खोचून दहा मिनिटांनी काढा. ओलसर निघाली तर थांबा.

पुण्यासाठी ढोबळ मान असं. फेब्रुवारी ते मे, सात ते दहा दिवसांनी. जून ते सप्टेंबर, छपराखाली ठेवून बारा ते पंधरा दिवसांनी, आणि तेही दोन दिवस उघडीप असेल तेव्हाच. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा सात-दहा दिवसांनी. हा महिना वाया घालवू नका, पुढच्या फुलांची बोंडं पक्की होतात ती याच उन्हात. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी तोडत आणायचं आणि डिसेंबर-जानेवारीत बंद. झाड थोडं आकसेल, डोकं किंचित बसेल. बसू द्या. अगदीच सुरकुतलं तर महिन्यातून एकदा, सकाळी, ३० मिलिलिटर.

या कोरड्या आणि गार दोन-अडीच महिन्यांनी कळ्या धरायला मदत होते. पुण्यात रात्रीचं तापमान १० अंशांच्या आसपास उतरतं आणि दिवसा लख्ख ऊन असतं, मॅमिलेरियाला याहून चांगलं काही नको. झाड घरात घेऊ नका. मुंबईत आणि कोकणात तेवढी थंडी पडत नाही, तिथे विश्रांती द्यायची ती निव्वळ पाणी तोडून. कडं थोडं विरळ येतं, पण येतं. विदर्भात अडचण वेगळी. निवडुंग आपली श्वासरंध्रं रात्री उघडतात. मे महिन्यातल्या गरम रात्रींत हे काम मंदावतं आणि वाढ थांबते. थांबलेल्या झाडाला भरपूर पाणी दिलं तर ते मुळांशी साचून गरम होतं. म्हणून नागपूरकरांनी एप्रिलच्या अखेरीपासून पहिल्या सरींपर्यंत पाणी अर्ध्यावर आणावं आणि ते संध्याकाळीच घालावं.

जानेवारीच्या अखेरीस डोक्याजवळच्या खाचांत टाचणीच्या डोक्याएवढे गुलाबी ठिपके दिसले की त्या कळ्या. त्यावर काटे किंवा केस असतील तर ते पिल्लू. कळी गुळगुळीत आणि टोकदार असते. ठिपके नीट दिसायला लागले की पहिलं पाणी हलकं द्या, पुढचं पूर्ण.

माती

नर्सरीतलं झाड बहुतेक वेळा निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात, असतं. कोकोपीट ओलं असताना दिवसेंदिवस ओलं राहतं आणि एकदा खडखडीत वाळलं की पाणी आत घेत नाही, कडेने निसटून जातं. आणल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये ते बदला. काळी माती कोणत्याही प्रमाणात घालू नका.

एक लिटर मिश्रणासाठी: ३५० मिलिलिटर प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) किंवा विटांचा ३ ते ५ मिलिमीटरचा चुरा, २५० जाड नदीची वाळू, २०० धुऊन चाळलेला मुरूम, १५० कुजलेला पालापाचोळा किंवा जुनं गांडूळखत, ५० कोळशाचा चुरा. वाळू आणि मुरूम मच्छरदाणीच्या जाळीवर चाळा आणि जे खाली पडेल ते टाकून द्या. तीच बारीक भुकटी नंतर सिमेंटसारखी बसते. समुद्राची वाळू खारट, ती नको. मिश्रण जमलंय का हे बघायला भरलेल्या कुंडीवर पेलाभर पाणी ओता. दहा-पंधरा सेकंदांत वरचं पाणी दिसेनासं झालं पाहिजे.

कुंडी झाडाच्या व्यासापेक्षा दोन सेंटिमीटर मोठी, त्याहून नको. मोठ्या कुंडीत मुळांपर्यंत न पोचलेली माती आठवडाभर ओली बसते. कोकणात मातीची कुंडी घ्या. पुण्यात प्लास्टिकही चालेल, भोकं मोठी असली म्हणजे झालं. विकतच्या कुंडीत वर चिकटवलेले रंगीत दगड असतील तर ते सुटे करून फेका, त्यामुळे खाली ओल किती आहे ते कळत नाही. बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असेल तर मातीवर पांढरी खपली धरते आणि हळूहळू वाढ खुंटते. पावसाचं पाणी साठवून वापरता आलं तर उत्तम. नाहीतर लिटरमागे चिमूटभर लिंबूसत्व घाला आणि पट्टीने सामू (पीएच) ६ च्या आसपास आला का ते तपासा.

खताबद्दल फार बोलण्यासारखं नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस, जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये एकेकदा ०:५२:३४ (नत्र नसलेलं, पाण्यात विरघळणारं स्फुरद-पालाश खत) लिटरमागे अर्धा ग्रॅम, आधीच भिजलेल्या मातीत. युरिया, ओलं शेणखत, चहाचा चोथा, तांदळाचं पाणी यांतलं काही नको.

पिल्लं लावणं

जुलैत लावलेली पिल्लं सडली यात तुमच्या हाताचा दोष कमी आणि महिन्याचा जास्त. पिल्लू तोडलं की त्याच्या बुडाशी ओली जखम होते. ती वाळून त्यावर कातडी धरायला कोरडी हवा लागते, आणि जुलैत ती मिळत नाही. पिल्लाला मुळं नसतात, म्हणजे कुंडीतलं पाणी ते घेऊ शकत नाही. त्या पाण्याचा उपयोग होतो तो फक्त बुरशीला. दोन हंगाम धरा: फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेर, आणि ऑक्टोबर. पहिला अधिक भरवशाचा, कारण पावसाळ्याआधी मुळांना तीन महिने मिळतात.

तोडण्याआधी आठ-दहा दिवस आईझाडाचं पाणी बंद ठेवा. फुगलेल्या झाडाची जखम जास्त पाझरते. पिल्लू किमान दीड-दोन सेंटिमीटर व्यासाचं हवं. छोटी लवकर सुकतात. बोकासानाचं पिल्लू बारीक मानेने जोडलेलं असतं. लांब चिमट्याच्या दोन्ही टोकांना स्पंजचे तुकडे बांधा, पिल्लू धरा आणि सरळ न ओढता फिरकीच्या झाकणासारखं पाव वळसा द्या, सुटून येतं. आलं नाही तर स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने मान कापा. जमिनीला टेकलेल्या पिल्लांना कधी कधी आधीच मुळं असतात. ती मिळाली तर काम निम्मं झालं. हातमोजे कापडी नकोत, आकड्यांचे काटे त्यात रुततात आणि पिल्लू हाताला चिकटून फाटतं. घडी घातलेला वर्तमानपत्राचा कागद बरा.

दोन्ही जखमांवर, म्हणजे आईच्या आणि पिल्लाच्या, दालचिनीची पूड किंवा गंधकाची भुकटी बोटाने टेकवा. आईची जखम लोक विसरतात आणि सड तिथूनच आत शिरते. हानियानासारख्या काही जातींत कापल्यावर पांढरा चीक येतो. तो रोग नव्हे. टिपकागदाने पुसून घ्या आणि थांबल्यावर पूड लावा.

आता वाट बघायची. जखम तीन-चार मिलिमीटरची असेल तर पाच ते सात दिवस, त्याहून मोठी तर दहा ते पंधरा. जागा सावलीची, वाऱ्याची. पिल्लं आडवी टाकू नका, अंड्याच्या ट्रेमध्ये उभी ठेवा. आडव्या पिल्लाला खालच्या कुशीतून मुळं फुटतात आणि मग ते वाकडं लावावं लागतं. बूड नखाने टोकरल्यावर वाळलेल्या फणसाच्या चिकासारखं टणक लागलं की तयार.

मिश्रण वरचंच, पण त्यातला पालापाचोळा निम्मा करा आणि तेवढी वाळू वाढवा. छोट्या कुंडीत किंवा उथळ ट्रेमध्ये कोरडंच भरा. पिल्लू पुरायचं नाही. बूड जेमतेम तीन-चार मिलिमीटर आत, आणि कलू नये म्हणून भोवती दोन-तीन खडे. पहिला आठवडा पाणी नाही. त्यानंतर ट्रे पाच मिनिटं बोटभर पाण्यात ठेवून काढा, म्हणजे ओल खालून येईल. पुढे सहा-सात दिवसांनी तेच. उजेड भरपूर, थेट ऊन मात्र फक्त सकाळचं कोवळं. मुळं तीन ते सहा आठवड्यांत धरतात. ती आलीत का हे उपटून बघायचं नाही. तोपर्यंत आकसत गेलेलं पिल्लू एक दिवस टपोरं दिसायला लागतं आणि डोक्यात नव्या काट्यांचा गडद ठिपका येतो, तीच खूण. रूटिंग पावडरची गरज नाही.

आकसलेलं पण हिरवं आणि टणक असलेलं पिल्लू दोन महिनेसुद्धा थांबू शकतं, धीर धरा. बुडाशी पाणचट, तपकिरी आणि मऊ झालेलं लगेच उचला. आतला गाभा पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत पातळ चकत्या कापत वर जा. मधल्या कड्यात केशरी ठिपका राहिला तरी सड पुन्हा येते. उरलेला तुकडा पुन्हा पंधरा दिवस वाळवून लावा.

जातींनुसार थोडा फरक पडतो. ग्रासिलिसची पिल्लं नुसत्या स्पर्शाने गळतात आणि एक सेंटिमीटरचीसुद्धा रुजतात, ज्यांची आधीची सडली आहेत त्यांनी हात बसवायला हीच घ्यावीत. एलोंगाटाचं बोट बुडाशी कापून लावा. लांब बोंडांच्या लॉन्जिमामाचं नुसतं एक बोंड बुडापासून काढून, वाळवून लावलं तरी मुळं धरतं, फक्त त्यातून नवा कोंब फुटायला कित्येक महिने लागतात. स्पिनोसिसिमा सहसा पिल्लं देत नाही. त्याचं वरचं तीन-चार सेंटिमीटर डोकं कापून दोन-तीन आठवडे वाळवायचं आणि लावायचं, खालच्या खुंटाला मग पिल्लं फुटतात.

सगळी पिल्लं काढायची गरज नाही, हेही सांगून ठेवतो. बोकासानाचं सौंदर्य त्याच्या ढिगात आहे. तीन-चार काढून दुसरीकडे राखीव ठेवा, एखाद्या पावसाळ्यात आई गेली तर वंश राहतो. बाकीची तशीच वाढू द्या. ऊन मिळालं तर पिल्लं एक-दोन वर्षांत स्वतः फुलायला लागतात.

बियांपासून

होतात, पण इथे एक गोम आहे. बोकासानाला सहसा स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. तुमच्या झाडाची सगळी पिल्लं ही आनुवंशिकदृष्ट्या तेच एक झाड आहे, त्यांच्यात आपसात पराग फिरवून उपयोग नाही. दुसऱ्या बियाण्यापासून वाढलेलं वेगळं झाड हवं. मिळालं तर दुपारी फुलं पूर्ण उमललेली असताना मऊ रंगकामाच्या ब्रशने पराग इकडून तिकडे, तिकडून इकडे लावा, लागोपाठ दोन-तीन दिवस. एकट्याच झाडाची बी हवी असेल तर प्रोलिफेरा ठेवा, तो जोडीदाराशिवाय फळांनी लाल होतो.

फूल सुकल्यावर काही दिसत नाही म्हणून निराश होऊ नका. फळ खाचेत आत दडून पिकतं आणि काही महिन्यांनी एकाएकी लाल-गुलाबी, बारक्या मिरचीसारखं बाहेर येतं. मेक्सिकोत त्याला मिरची या शब्दावरूनच चिलितोस म्हणतात आणि आंबटगोड म्हणून खातात. सहज ओढल्यावर निघेल तेव्हा काढा. टिपकागदावर पिळा, गर चहाच्या गाळणीत पाण्याखाली चोळून पूर्ण धुवा. गर राहिला तर उगवण अडते आणि बुरशी आधी येते. तीन-चार दिवस सावलीत वाळवून कागदी पुडीत ठेवा. ताजं बी लगेच पेरण्यापेक्षा काही महिने थांबून पेरलेलं बऱ्याचदा जास्त एकसारखं उगवतं.

पेरणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, दिवसाचं तापमान २५ ते ३० अंश असताना. झाकणाचा पारदर्शक अर्धा लिटरचा डबा घ्या, तळाला सहा-सात बारीक भोकं. चाळलेलं कोकोपीट दोन भाग, दोन मिलिमीटरची वाळू तीन भाग. हे ओलसर मिश्रण जुन्या स्टीलच्या डब्यात घालून कुकरमध्ये वीस मिनिटं वाफवा. ही पायरी वगळली की शेवाळ आणि बुरशी हमखास. गार झाल्यावर डब्यात पाच सेंटिमीटर भरा. उकळून गार केलेल्या पाण्यात लिटरमागे एक ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मिसळून त्याने तळातून भिजवा. बी मोहरीपेक्षा बारीक असतं. कागदाच्या घडीतून टिचक्या मारत २० ते ३० बिया वर पसरा. झाकायच्या नाहीत, त्यांना उजेड लागतो. झाकण लावा, डबा उजेडात ठेवा, उन्हात नाही. बंद डबा उन्हात तासाभरात भट्टी होतो.

सात ते चौदा दिवसांत हिरवे मणी दिसतात. झाकण चार ते सहा आठवडे बंदच. त्यानंतर पहिल्या आठवड्यात बोटभर फट, दुसऱ्यात अर्धं उघडं, तिसऱ्यात पूर्ण. रोपं इथेच जातात, एकदम झाकण काढल्यामुळे. मणी तांबूस झाले तर उजेड जास्त, लांबट आणि फिकट झाले तर कमी. एखादा मणी बुडाशी काळा पडून कोलमडला तर तो भोवतालच्या मातीसकट चमच्याने उचला आणि बुरशीनाशक पुन्हा द्या. काळ्या बारीक माश्या डब्यावर घुटमळताना दिसल्या तर सावध व्हा. त्यांच्या अळ्या रोपं आतून पोखरतात. पिवळा चिकट सापळा लावा आणि वरचा थर वाळू द्या.

वर्षभरात रोप पाच ते आठ मिलिमीटर होतं. वेगळं करायची घाई नको. निवडुंगाची रोपं दाटीत बरी वाढतात. पुढच्या फेब्रुवारीत काढा. पहिलं फूल बी पेरल्यापासून तिसऱ्या-चौथ्या वर्षी. ऑनलाइन विकलं जाणारं सप्तरंगी निवडुंगाचं बी घेऊ नका, असा निवडुंग नसतो. परदेशातून रोपं मागवायची असतील तर जवळपास सगळे निवडुंग साइट्स (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय) कराराच्या यादीत आहेत. त्याची परवानगी आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, दोन्ही लागतात.

कीड

बोकासानाच्या केसांत पिठ्या ढेकूण बेमालूम लपतो. कापूस कुठला आणि केस कुठले हे कळत नाही. केस एका जागी गठ्ठ्यासारखे चिकटले असतील किंवा कुंडीभोवती मुंग्यांची ये-जा असेल तर भिंग घेऊन खाचा बघा. थोडे असतील तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशने लावा, संध्याकाळी. आठवड्याने पुन्हा, आणि तिसऱ्यांदाही, कारण अंडी पहिल्या खेपेला मरत नाहीत. निंबोळी तेल या जातीवर टाळा, केस कायमचे तेलकट, चपटे होतात.

खरा घातकी तो मुळांवरचा पिठ्या. वरून काही दिसत नाही. झाड फक्त वाढत नाही आणि पाणी देऊनही आकसलेलं राहतं. तुमचं झाड दोन वर्षं फुललं नाही म्हणून एकदा कुंडीतून काढून बघाच. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीला पांढरी पिठासारखी बुरकी दिसली तर सगळी माती फेका, मुळं धुवा, इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के हे कीटकनाशक लिटरमागे अर्धा मिलिलिटर या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा, आठवडाभर वाळवून नव्या मातीत लावा. हातमोजे घाला आणि उरलेलं पाणी फुलझाडांवर ओतू नका, मधमाश्यांना ते घातक आहे.

डोक्याजवळ राखाडी-तांबूस बारीक खरवड आली तर लाल कोळी. हा कोरड्या मार्च-एप्रिलमध्ये येतो, आणि इमिडाक्लोप्रिडने जात नाही. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरमागे दोन ग्रॅम, सकाळी लवकर, आणि तापमान ३५ अंशांच्या वर जाणार असेल त्या दिवशी फवारायचं नाही.

झाडाचं बूड तपकिरी झालं की सगळे घाबरतात. तो भाग टणक आणि कोरडा असेल तर ते वयाचं लाकूड, सगळ्याच मॅमिलेरियांना येतं. बोट दाबल्यावर आत गेलं तरच सड.

तुमच्यासाठी लगेच करायचं एवढंच: आता जो महिना चालू असेल त्यात झाड कुंडीतून काढून मुळं तपासा. पावसाळा असेल तर तपासून, कोरड्याच मिश्रणात परत ठेवून छपराखाली न्या आणि पिल्लांना हात लावू नका. फेब्रुवारी असेल तर माती बदला, तीन पिल्लं काढा, आणि एप्रिलच्या मध्याला कुंडी दक्षिणेच्या गॅलरीतून हलवायची हे आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.